इज्जतीची पट्टी

दिवसभर बेइमानी करायची आणि ती पकडली जाते की नाही ते पाहायचं, हे सुकेशनीचं काम होतं.

सिडकोतल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर त्यांचं छोटंसं ऑफिस होतं. परदेशातली एक कंपनी सामुराईंचा व्हिडिओ गेम बनवत होती आणि त्यातलं एक गाव उभं करायचं काम या ऑफिसला मिळालं होतं. घरं, भातशेती, देऊळ, नदी आणि तिथं वावरणारी माणसं. खेळणारा सामुराई व्हायचा. त्याला तलवार होती, घोडा होता, धनी होता आणि पाळायचे नियम होते. लढण्याआधी स्वतःचं नाव, बापाचं नाव आणि गाव मोठ्यानं सांगायचं. पाठीमागून वार करायचा नाही. ज्याच्या हातात शस्त्र नाही त्याला मारायचं नाही. नियम मोडला की पडद्याच्या वरच्या कोपऱ्यातली पांढरी पट्टी उतरायची. कंपनीनं तिला भारदस्त नाव दिलं होतं, पण ऑफिसात सगळे तिला इज्जत म्हणत.

“अबे, माझी इज्जत निम्म्यावर आली!” कुणीतरी ओरडायचं.

“होती कधी?” पलीकडून उत्तर यायचं.

सुकेशनी हसायची, पण बोलायची कमी. विद्यापीठातून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून ती इथं आली होती. वार बसल्यावर माणूस कसा पडतो, गुडघा आधी वाकतो की खांदा, याचं गणित तिनं लिहिलं होतं. ते झाल्यावर तिला तपासणीला बसवलं. नियम एकेक करून मोडायचा आणि पट्टी बरोबर उतरते का पाहायचं. तिची सहा महिन्यांची उमेदवारी या शुक्रवारी संपत होती. गावही शुक्रवारीच कंपनीला पाठवायचं होतं. नोकरी पक्की होणार की नाही ते त्याच दिवशी कळणार होतं.

तिच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर ‘सुकेशनी के.’ एवढंच होतं. रुजू झाली त्या दिवशी कार्डावर काय घालू म्हणून विचारलं, तेव्हा ती म्हणाली होती, “नुसतं के. घाला.” त्यात खोटं काही नव्हतं, वडिलांचं नाव कडुबा. आडनाव सांगितलं की पुढचा प्रश्न गावाचा येतो आणि गावानंतर गावातल्या कुठल्या भागाचा, हे तिला कॉलेजपासून माहीत होतं. इथं अजून कुणी विचारलं नव्हतं.

सोमवारी ती नदीवर पोहोचली. नदी गावाच्या खालच्या अंगाला होती. काठावर बांबूंना कातडी ताणून बांधलेली, लाकडी पिंपं, आणि त्यांच्यावर वाकलेली पाचसहा माणसं. कंपनीच्या टिपणात त्यांच्याबद्दल एकच ओळ होती: गावाबाहेर राहणारे, चामडं कमावणारे. तिनं पिंपाशी वाकलेल्या एका माणसाला तलवार मारली. तो तिच्या गणिताप्रमाणे पडला, आधी गुडघा, मग खांदा. वार बसल्याचा आवाज मात्र लाकडावर बसावा तसा आला. ठक्‌.

पट्टी हलली नाही.

तिला वाटलं, बटण नीट दाबलं गेलं नसेल. तिनं गाव पुन्हा चालू केलं आणि पुन्हा मारलं. ठक्‌. पट्टी जागच्या जागी. मग ती गावात गेली आणि एका शेतकऱ्याला मारलं. पट्टी पाव उतरली. देवळातल्या भिक्खूला मारलं, निम्मी उतरली. रस्त्यावरच्या कुत्र्याला मारलं, तेव्हाही जरा उतरली.

कुत्र्याच्या वेळी तिनं माऊस सोडला आणि तळहात ओढणीला पुसले.

घाई करायची नाही, तिनं स्वतःला बजावलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. नदीकाठच्या जागेत काही गडबड असेल, तर तिथं कुणालाही मारलं तरी पट्टी उतरणार नाही. तपासणीच्या सोयीनं तिनं गावातला एक शेतकरी उचलून नदीकाठी आणून उभा केला. त्याला मारलं. पट्टी पाव उतरली. मग चामडंवाला उचलून गावच्या चौकात, देवळासमोर नेऊन ठेवला. त्याला मारलं. ठक्‌. पट्टी तशीच पांढरीशुभ्र.

म्हणजे जागेत काही नव्हतं. माणसातच होतं.

आढळलेली चूक नोंदवायची ठरलेली पद्धत होती. एका चौकटीत काय झालं ते लिहायचं, खालच्या चौकटीत काय व्हायला हवं होतं ते. वरची चौकट तिनं नेहमीप्रमाणे चार वाक्यांत भरली. खालच्या चौकटीत कर्सर लुकलुकत राहिला. काय व्हायला हवं होतं? पट्टी उतरायला हवी होती. किती? कुणी ठरवलं? आणि कंपनीनं मुद्दामच तसं ठेवलं असेल तर? ज्या काळातला हा गेम होता, त्या काळात असल्या माणसाला मारलं म्हणून तिथल्या तलवारवाल्याला कुणी जाब विचारत नसे, हे तिनं वाचलं होतं. मग ही चूकच नव्हती. मग चूक म्हणून नोंदवणारी बाई कोण, तिलाच हे कसं दिसलं, असं कुणीतरी विचारेल.

तिनं नोंद न पाठवता तशीच ठेवली.

जेवणाच्या सुट्टीत श्रेयानं डबा तिच्यापुढे सरकवला. झाडं, घरं, डोंगर असा सगळा देखावा श्रेया मांडायची. दोघी रोज एकत्र जेवत.

“ठेचा घे. आईनं आज तुझ्यासाठी म्हणून जास्त दिलाय. तोंड का उतरलंय तुझं?”

“नदीवरची ती माणसं,” सुकेशनी म्हणाली, “ती कशात टाकलीत गं?”

“कोणती माणसं?”

“कातड्यांपाशी वाकलेली.”

“ती होय? देखाव्यात.” श्रेयानं भाकरीचा तुकडा मोडला. “नदीकाठ आमच्याकडे एका गठ्ठ्यात आला होता. कातडी, पिंपं, बांबू आणि ती माणसं. ना त्यांना नाव, ना एखादं वाक्य. म्हटलं, काही करत तर नाहीत, टाका झाडांबरोबर. गेमही हलका झाला तेवढा.” मग तिचा हात थांबला. “का? काय झालं?”

“त्यांना मारलं तर इज्जत उतरत नाही.”

श्रेयाला समजायला एक क्षण लागला. “अगं बाई,” ती हळूच म्हणाली. “खरंच माझ्या लक्षातच नाही आलं.”

तिचं खोटं नव्हतं, हे सुकेशनीला दिसत होतं. लक्षात न येण्याइतकं ते सोपं होतं. सुकेशनीला त्याचीच जास्त धास्ती वाटली. मुद्दाम केलेलं असतं तर निदान कुणाशी भांडायचं ते कळलं असतं.

“माझं नाव नको गं घेऊस,” श्रेया म्हणाली. “नदीवरचा पूल चुकला तेव्हा किती बोलणी खाल्लीत मी, तुला माहितीये.”

“नाही घेणार.”

टीमचा प्रमुख ऋतुराज. मनानं वाईट नव्हता. चहा स्वतः आणून द्यायचा, चुकलं तर पाठीशी उभा राहायचा. पण शुक्रवार जवळ आला की त्याच्या आवाजाला धार यायची. बुधवारी सुकेशनीनं त्याला आपल्या पडद्यापाशी बोलावलं आणि सामुराईला गावातून चालवत नेलं. वाटेत शेतकरी काम थांबवून मान खाली घालत होते, बायका दाराआड सरकत होत्या. नदीवरच्या माणसांनी वर पाहिलंसुद्धा नाही. देखाव्यातल्या वस्तू कुणाकडे पाहत नाहीत.

ऋतुराज हसला. “माज बघ साल्यांचा! सामुराई आलाय आणि मान पण नाही झुकवत.”

तिनं बटण दाबलं. ठक्‌. मग पट्टीकडे बोट दाखवलं आणि केलेल्या चाचण्या त्याच क्रमानं सांगितल्या. शेतकरी नदीवर, चामडंवाला चौकात.

“सही पकडलंस,” तो म्हणाला. मग घड्याळाकडे पाहिलं. “पण आता नको. देखाव्यातून काढून माणसांत टाकायचं म्हणजे एक दिवस गेला. आणि एक सांग, तेव्हा तसंच होतं ना तिकडं? त्यांना मारलं तर कोण विचारत होतं? समज, आपण इतिहास बरोबर दाखवला.”

“कंपनीनं तसं कुठं लिहिलेलं नाही.”

“लिहिलेलं नाही, म्हणजे त्यांना पडलेली नाही. जाने दे ना.” तो जायला निघाला आणि परत वळला. “फारच वाटत असेल तर थोडी उतरव. कुत्र्यापेक्षा जरा जास्त. शेतकऱ्याएवढी नको, उगाच कुणी प्रश्न काढायचं. आणि सुकेशनी, परवा तुझं पक्कं व्हायचंय. या आठवड्यात नवीन भानगड नक्को.”

तो धमकी देत नव्हता. काळजीनंच बोलत होता.

त्या संध्याकाळी नळाला पाणी येणार होतं. सुकेशनी घरी पोहोचली तेव्हा ड्रम भरायला लावलेला होता आणि आई, शीला, नळी धरून उभी होती. वडील नुकतेच शेंद्र्याच्या कारखान्याच्या बसनं आले होते. अंगातला निळा शर्ट अजून तसाच होता. सुकेशनीनं लॅपटॉप उघडला. खालच्या चौकटीत अजून काही लिहिलं नव्हतं.

कडुबा चहाचा कप घेऊन शेजारी येऊन बसले. “ह्ये खेळायचा पगार देतेत व्हय तुला?”

“मोडायचा देतात, बाबा.”

“मग आमच्या मशिनीवर पाठव तुझ्या साहेबाला. आमी फुकटात मोडून दावतो.” ते स्वतःच्याच विनोदावर हसले. मग पडद्याकडे पाहत राहिले. “ह्यो घोड्यावरचा काय बडबडतोय?”

“नाव सांगतोय. लढायच्या आधी आपलं नाव, बापाचं नाव, गाव सांगायचं, असा नियम आहे.”

“बापाचंबी? झ्याक हाय की.” त्यांनी चहाचा घोट घेतला. “आन् ही नदीवरची? ही काय करतेत?”

“कातडी कमावतात.”

नळी ड्रममधून सटकल्याचा आवाज आला, शीला पुटपुटली.

“वास येत आसंल लई,” कडुबा म्हणाले. मग थोड्या वेळानं, “ह्येंना नाव इचारतो का ह्यो?”

“नाही.”

“नाय इचारनार.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. “पाचोडला माझ्या आज्याला कुनी नाव इचारलं नाय कधी. मेलेलं ढोर वढायचं आसलं की नुसती हाळी द्यायचे, ए, म्हनून. आज्याचं नाव मला शाळंत घालताना कळलं, मास्तरनं इचारलं तवा.”

सुकेशनीनं मग त्यांना सगळं सांगितलं. कुत्रा, शेतकरी, चौक, ठक्‌. त्यांनी ऐकून घेतलं. बोलतील, लढ म्हणतील, असं तिला वाटलं होतं.

“परवा पक्की व्हती ना नोकरी?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“मग परवा सांज होऊ दे. मग बोल काय बोलायचं ते.”

“परवा सांजेला हे गाव गेलेलं असेल, बाबा.”

शीला दारातून म्हणाली, “बाप बेटी पाण्याचं बघा आधी. ड्रम वाहून चाललाय आन् ह्येंचं गाव जातंय.”

कडुबा उठले. नळ बंद करून परत आले तेव्हा हात ओले होते. “मला भ्या वाटतं म्हनून सांगतो,” ते म्हणाले. “बाकी तुला कळतंय माझ्यापरीस.”

गुरुवारी दुपारी कंपनीबरोबर कॉल होता. मोठ्या टेबलाभोवती सगळे बसले. समोरच्या पडद्यावर कंपनीतर्फे एक बाई होत्या, तिकडं सकाळ असावी, मागच्या खिडकीत कोवळं ऊन होतं. त्या इंग्रजीत बोलत, मुद्दाम सावकाश.

“तू ऐक फक्त,” ऋतुराजनं सुकेशनीला आधीच सांगितलं होतं. “मी बोलतो.”

घरांचं बोलणं झालं. घोड्याच्या टापांचं झालं. नदीचं पाणी फार निळं दिसतं, यावर बराच वेळ गेला. पाण्याचा रंग किती कमी करायचा ते ठरलं आणि बाई म्हणाल्या, “मग नदीकाठ झाला?”

“झाला,” ऋतुराज म्हणाला.

“नाही,” सुकेशनी म्हणाली.

टेबलाभोवतीच्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. श्रेया आपल्या नखांकडे पाहू लागली. पडद्यावरच्या बाईंनी चष्मा नीट केला. “माफ करा, आपण याआधी बोललो नाही. आपलं नाव?”

साधा प्रश्न होता. तिच्या गळ्यातल्या कार्डावर उत्तर छापलेलं होतं.

“सुकेशनी कडुबा हिवराळे,” ती म्हणाली. पडद्यावरच्या बाईंना त्यातून काहीच कळणार नव्हतं. टेबलाभोवती ज्यांना कळायचं होतं त्यांना ते कळलं, हे तिला त्यांच्याकडे न पाहताही जाणवलं. “मी तपासणी करते. नदीकाठच्या माणसांना मारलं तर पट्टी उतरत नाही.”

मग तिनं चाचण्या सांगितल्या. चाचण्या सांगायची तिला सवय होती आणि शब्द एकापाठोपाठ एक येत गेले. “ती माणसं देखाव्यात गेली आहेत,” ती शेवटी म्हणाली. “आमच्याकडून झालं आहे.”

“कुणाकडून?” बाईंनी विचारलं.

“आमच्याकडून,” सुकेशनीनं पुन्हा सांगितलं.

बाई काहीतरी वाचत राहिल्या. “आमच्या टिपणात याबद्दल काही नाही,” त्या म्हणाल्या. “खरं म्हणजे याचा आम्हीही विचार केला नाही. तुमच्या मते काय व्हायला हवं?”

ऋतुराज पुढं झुकला. “थोडी कमी ठेवता येईल, काळाला धरून...”

“शेतकऱ्याएवढी,” सुकेशनी म्हणाली.

“कारण?”

कारणं तिच्याकडे पुष्कळ होती. आजोबांचे वडील होते, नुसती हाळी होती, ऋतुराजचं माज बघ होतं. त्यातलं एकही या टेबलावर मांडण्यासारखं नव्हतं. तिनं जे मांडता येत होतं ते मांडलं.

“पडण्याचं गणित मी लिहिलंय. शेतकऱ्याचं आणि त्यांचं वस्तुमान एकच आहे. हाडांचे सांधे तेच आहेत. वार बसला की दोघं एकसारखे पडतात. नियम शस्त्र नसलेल्या माणसाबद्दल आहे. त्या दोघांच्याही हातात शस्त्र नाही. वेगळा आकडा लिहायला मला कारण सापडलं नाही.”

बाईंनी लिहून घेतलं. “ठीक आहे, तूर्त तसंच करा,” त्या म्हणाल्या. “गाव सोमवारी आलं तरी चालेल.”

कॉल संपला. ऋतुराज खुर्ची मागं ढकलून बाहेर गेला. त्या दिवशी त्यानं चहा आणला नाही. श्रेयानं हातातलं काम बाजूला ठेवलं, गठ्ठा फोडून नदीकाठचा एकेक माणूस वेगळा केला आणि जाताना सुकेशनीच्या खांद्याला नुसता हात लावून गेली.

शुक्रवारी ऋतुराजनं तिला बोलावलं. तो उभाच होता.

“काम चांगलं आहे तुझं. मी तसं वर सांगितलं,” तो म्हणाला. “पण कॉलवर मला डावलून बोललीस. वरच्यांचं म्हणणं आहे, अजून तीन महिने बघू.”

ती हो म्हणाली. याचाच अंदाज होता. बाबांना काय सांगायचं, संध्याकाळी विचारतील तेव्हा, हे ती मनात जुळवू लागली.

तो दारात घुटमळला. “हिवराळे म्हणजे...” त्यानं सुरुवात केली आणि सोडून दिली. “नदीकाठ तयार झालाय. तपासून घे.”

ती जागेवर येऊन बसली. सामुराईला घेऊन गावातून उतरली. शेतकरी थांबले, त्यांनी माना खाली घातल्या. नदी आता कमी निळी होती. कातडी, पिंपं, बांबू सगळं जिथल्या तिथं. पिंपाशी वाकलेला तो माणूस कामात होता.

ती जवळ गेली आणि त्यानं वर पाहिलं.

सुकेशनीचा हात थबकला. खरं तर यात नवल काही नव्हतं. माणसांत गणना झाली की माणसांच्या सगळ्या सवयी आपोआप लागू होणार, हे तिला ठाऊक होतं. तो सामुराईकडे पाहत होता. हातातलं कातडं त्यानं खाली ठेवलं, एक पाऊल मागं सरकला, आणि दोन्ही हात छातीशी धरून उभा राहिला. सोमवारी त्याला कसलीच भीती नव्हती. आता होती, आणि ती त्याला तिनंच मिळवून दिली होती.

चाचणी केल्याशिवाय नोंद बंद करता येत नव्हती.

नाव सांगायचं बटण वेगळं होतं. शस्त्र नसलेल्या माणसासमोर ते दाबायची गरज नसते. तिनं ते दाबलं. घोड्यावरच्या माणसानं आपलं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, गावाचं सांगितलं. चामडंवाला ऐकत उभा राहिला. त्याच्याकडे उत्तर नव्हतं, ते अजून कुणी लिहिलं नव्हतं.

मग तिनं तलवारीचं बटण दाबलं. या वेळी आवाज लाकडाचा आला नाही.

तिच्या पाठीमागं ऋतुराज येऊन उभा राहिला होता. कधी आला ते तिला कळलं नाही.

“गेली का इज्जत?” त्यानं विचारलं. नेहमीसारखं हसत नव्हता.

सुकेशनीनं पट्टी नीट पाहिली.

“गेली,” ती म्हणाली. “पाव.”